विमान नियंत्रणात असूनही डोंगरावर कसं आदळतं? तारा एअर अपघाताच्या तपासातून काय समजलं?

२९ मे २०२२ च्या सकाळी तारा एअरचं छोटं ‘ट्विन ऑटर’ विमान नेपाळमधल्या पोखराहून जोमसोमला निघालं. प्रवास जेमतेम २०-२५ मिनिटांचा, पण विमान पोहोचलंच नाही. दुसऱ्या दिवशी मुस्तांग जिल्ह्यात सुमारे १४,५०० फुटांवर त्याचे अवशेष सापडले. विमानातल्या सर्व २२ जणांचा मृत्यू झाला. त्यात ठाण्यातल्या एकाच कुटुंबातले ४ जण होते.

तपास कुठून सुरू होतो?

अवशेषांपासून. तुकडे लांबवर विखुरले असतील, तर विमान हवेतच फुटलं असावं, अशी शंका येते. ते एकाच जागी असतील, तर थेट धडकेची शक्यता वाढते. धडकेच्या वेळी इंजिन चालू होतं का, याचा अंदाज प्रोपेलरची पाती कशी वाकली आहेत, त्यावरून येतो. कॉकपिटमधलं संभाषण व्हॉइस रेकॉर्डरमधून मिळतं.

या तपासात काय आढळलं?

हा मार्ग अन्नपूर्णा आणि धौलागिरी या पर्वतांमधल्या दरीतून जातो. इथे वैमानिक डोळ्यांनी डोंगर पाहत विमान नेतात. चौकशी अहवालानुसार, विमान ढगांमध्ये शिरलं आणि योग्य मार्गावर राहिलं नाही. त्याच वेळी समोरच्या डोंगराचा इशारा देणारी यंत्रणा (टॉज) बंद ठेवलेली होती. विमान वैमानिकांच्या नियंत्रणात असतानाच जमिनीवर किंवा डोंगरावर आदळलं, तर अशा अपघाताला ‘सीएफआयटी’ म्हणतात.

इशारा देणारी यंत्रणा बंद का ठेवतात?

अरुंद दरीत दोन्ही बाजूंना डोंगर जवळच असतात. त्यामुळे धोका नसतानाही ही यंत्रणा पुन्हा पुन्हा वाजते. हा त्रास टाळण्यासाठी तिचे इशारे बंद करण्याची सोय असते. हवा स्वच्छ असेल, तर समोरचा डोंगर दिसतो. ढगात मात्र तो दिसत नाही आणि यंत्रणाही गप्प असते.

तपासाचा उपयोग काय?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार असा तपास दोषींना शिक्षा देण्यासाठी नसतो. पुढचा अपघात टाळणं, हाच त्याचा हेतू असतो. म्हणूनच ‘चूक कोणाची?’ एवढ्यावर न थांबता ‘ही चूक होऊ शकली कशी?’ हेही शोधावं लागतं. त्याचं उत्तर मिळालं, तरच त्याच दरीतून जाणारं पुढचं विमान अधिक सुरक्षित होतं.