डमडममधला मातीचा किल्ला

या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोठ्या किल्ल्यांबद्दल बोलतो. आज बोलायचं आहे ते दोन फूट लांब आणि दीड फूट उंच किल्ल्याबद्दल. हा किल्ला दिवाळीच्या आधी तुमच्या-आमच्या घरातली मुलं दगड, विटा, पोतं आणि चिखल घेऊन बनवतात. मुंबई-पुण्यात तो अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात होतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथली मराठी घरंही तो करतात. आणि मी बोलतोय कोलकात्याच्या डमडममधून, जिथे तो फ्लॅटच्या गॅलरीत होतो.

डमडममध्ये किल्ला करण्यात एक गंमत आहे आणि एक अडचणही आहे. दोन्ही इतिहासातून आलेल्या आहेत.

गंमत आधी सांगतो. 'डमडम' हे नाव 'दमदमा' या शब्दावरून आलं, असं हॉब्सन-जॉब्सन या 1886 च्या प्रसिद्ध कोशात दिलं आहे. दमदमा म्हणजे मातीचा उंचवटा, तोफा चढवण्यासाठी रचलेला ढिगारा. मराठी बखरी वाचणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. वेढ्याच्या वर्णनात दमदमे बांधून मोर्चे लावल्याचे उल्लेख येतातच. म्हणजे आमच्या गॅलरीत मुलं जो मातीचा ढीग घालतात, तोच या गावाच्या नावाचा अर्थ आहे. पुढे 1783 पासून इथे बंगाल आर्टिलरीचं मुख्य ठाणं होतं आणि 1853 मध्ये ते मेरठला हललं. त्यानंतर इथल्या शस्त्र कारखान्यात 1890 च्या दशकात टोकाशी उघडी, शरीरात गेल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. ती इतकी क्रूर ठरली, की 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा झाला. आज जगभर 'डमडम' म्हटलं की लोकांना गोळी आठवते. मातीचा ढीग कुणाला आठवत नाही. मुलांच्या हातून तो जुना अर्थ पुन्हा जागा झाला तर मला आनंदच आहे.

आता अडचण. हे शहर एकेकाळी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणत होतं. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर 1742 मध्ये बंगालमध्ये उतरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या वस्तीतले लोक घाबरले, नवाब अलीवर्दीखानाची परवानगी घेतली आणि वस्तीभोवती सात मैलांचा खंदक खणायला सुरुवात केली. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले आणि काम थांबलं, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. त्या खंदकावरून कलकत्त्याच्या गोऱ्या रहिवाशांना 'डिचर' असं टोपणनावही पडलं. 1799 मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात आजही 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे.

कलकत्ता वाचलं, पण खेड्यापाड्यातल्या बंगालने खूप सोसलं. 1751 च्या तहापर्यंत जवळजवळ दहा वर्षं स्वाऱ्या होत राहिल्या. तहात ओरिसाचा ताबा आणि दरसाल बारा लाख रुपये चौथ ठरली. ज्यांना सरकारकडून घोडा मिळतो तो बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, हा फरक आपल्याला माहीत आहे. बंगालीत त्या बारगिराचा 'बर्गी' झाला, आणि बर्गी म्हणजे लुटारू. गंगाराम नावाच्या कवीने याच काळावर 'महाराष्ट्र पुराण' हे बंगाली काव्य रचलं. आणि बर्गी आले, आता खंडणी कशी भरायची, अशा अर्थाचं अंगाईगीत बंगाली घरांत आजही बाळांना म्हणतात.

म्हणजे बघा, गॅलरीत आपला नातू शिवाजी महाराजांची मूर्ती सिंहासनावर ठेवतोय आणि शेजारच्या घरात त्याच वयाचं मूल बर्गीच्या गाण्यावर झोपी जातंय. संध्याकाळी ते मूल किल्ला बघायला येतं. त्याने विचारलं, "हे बर्गी का?", तर काय सांगायचं?

मी म्हणतो, खरं ते सांगायचं, आणि हातात माती देऊन सांगायचं. महाराजांचं निधन 1680 मध्ये झालं. बंगालवरच्या स्वाऱ्या त्यानंतर बासष्ट वर्षांनी सुरू झाल्या. त्या दोन गोष्टी एक नाहीत, हे सहा वर्षांच्या मुलाला समजतं. पण स्वाऱ्या झाल्याच नाहीत, किंवा त्यात कुणाला त्रास झाला नाही, असं सांगणं खोटं आहे. ज्या बंगालला बर्गी आठवत होते, त्याच बंगालने 1902 पासून कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू केला. त्यामागे मोठा वाटा होता सखाराम गणेश देउस्कर यांचा. देवघरजवळ जन्मलेला हा मराठी माणूस बंगालीत लिहीत असे. त्यांचं 1904 चं 'देशेर कथा' हे पुस्तक इतकं गाजलं, की 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. रवींद्रनाथांनी 1904 मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. 1906 च्या उत्सवाला लोकमान्य टिळक स्वतः कलकत्त्यात आले. बर्गी विसरून नव्हे, तर बर्गी आणि शिवाजी यांच्यात फरक करून बंगालने हा मान दिला. हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवायला हवं.

आता दुसरी गोष्ट. किल्ला हा फक्त आपलाच खेळ आहे, असं आपल्याला वाटतं. बंगालमध्ये याचं एक सख्खं भावंड आहे. श्रावण शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत इथे झुलन असतं. राधाकृष्णाचा झोपाळा हे निमित्त. त्याभोवती मुलं एक अख्खं गाव मांडतात. चिखलात बुडवलेलं जुनं कापड उभं केलं की डोंगर. लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की शेत. विटांची लाल भुकटी पसरली की रस्ता. आरसा किंवा पाण्याचं ताट ठेवलं की तळं. मग मातीच्या बाहुल्या: भाजीवाली, पोलीस, शेतकरी, आणि डोंगरावर हमखास बंदूकवाले सैनिक. आपल्या किल्ल्यावर मावळे असतात, पायथ्याशी गाव असतं, विहीर असते, गाई असतात. फरक इतकाच, की आपण दिवाळीत करतो आणि हे श्रावणात.

तिसरं भावंड मला लष्करात भेटलं. कुठल्याही मोहिमेआधी जमिनीवर सँड मॉडेल करतात. वाळूत टेकड्या उठवायच्या, रंगीत भुकटीने जंगल आणि पाणी दाखवायचं, लोकरीच्या धाग्याने रस्ते आणि सीमा आखायच्या. मग सगळ्यांना भोवती उभं करून योजना समजावायची. ही पद्धत जुनी आहे. प्रशियाच्या राजापुढे 1812 मध्ये राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने भूप्रदेशाचे तुकडे मांडता येतील असं एक टेबल ठेवलं, त्याच्या मुलाने 1824 मध्ये त्या खेळाचे नियम सुधारले, आणि तिथून लष्करी युद्धखेळ युरोपभर पसरले. दुसरीकडे एच. जी. वेल्स या लेखकाने 1911 मध्ये आपल्या मुलांबरोबर जमिनीवर खेळायच्या खेळांचं एक पुस्तकच लिहिलं. मोठ्यांनी मुलांचा खेळ घेतला की मुलांनी मोठ्यांचा, हे ठरवणं कठीण आहे.

सँड मॉडेलचा एक नियम मात्र मुलांनाही शिकवण्यासारखा आहे. त्यावर आपली बाजू जितकी नीट दाखवतात तितकीच समोरच्याचीही दाखवावी लागते. फक्त स्वतःच्या चौक्या दाखवणारं मॉडेल निरुपयोगी असतं. म्हणून आमच्याकडे किल्ल्याभोवती खंदकही खणला जातो. किल्ला म्हणजे आपली बाजू, खंदक म्हणजे घाबरलेल्याची बाजू. खंदक कोण खणतं आणि का, हे विचारल्यावर मुलं स्वतःच बोलायला लागतात.

आता प्रत्यक्ष कृती. फ्लॅटमध्ये जमेल अशी सांगतो.

एक जुना मोठा ट्रे किंवा प्लायवुडचा तुकडा घ्या, खाली प्लास्टिक अंथरा. रद्दी वर्तमानपत्रांचे घट्ट बोळे करून दोऱ्याने बांधा. हा डोंगराचा गाभा. त्यावर गोणपाटाचा तुकडा किंवा जुनं सुती कापड टाका. माती आदल्या रात्री भिजवा आणि सकाळी श्रीखंडाइतकी दाट करून कापडावर हाताने थापा. कोलकात्यात मूर्तिकार चिकट मातीला एंटेल आणि वाळूमिश्रित मातीला बेले म्हणतात. दोन्ही मिसळली तर तडे कमी जातात. तुमच्याकडे कुंभार किंवा गणपतीवाले असतील तर त्यांच्याकडे मागा, नाहीतर कुंडीतली माती चाळून घ्या.

हळीव किंवा मोहरी दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी उतारावर पेरा आणि दिवसातून दोनदा पाणी हाताने शिंपडा. नळीने ओतलं की बी वाहून जातं. तीन-चार दिवसांत हिरवळ दिसते. तटबंदी काडेपेट्यांची किंवा पुठ्ठ्याची करा, बुरुज कागदी कपांचे. दरवाजा आइस्क्रीमच्या काड्यांचा. रस्त्यासाठी गेरू, जंगलासाठी रंगवलेला भुसा. भुसा सुतार बहुतेक फुकट देतो.

वयाप्रमाणे काम वाटा. तीन ते पाच वर्षांची मुलं बोळे करतात, माती थापतात, बी टाकतात. सहा ते आठची तटबंदी आणि पायऱ्या करतात. नऊच्या पुढच्यांना एक खरा किल्ला निवडायला सांगा: चित्र बघून पाण्याची टाकी कुठे, चोरदरवाजा कुठे, बालेकिल्ला कुठे. चुना वापरू नका, डोळ्यांना धोका आहे. लहान मुलं हात तोंडात घालतात, म्हणून स्वस्त चमकदार रंगांऐवजी हळद, गेरू आणि रांगोळी पुरे. पणत्या लावल्यावर कागदी बुरुजांपासून हातभर लांब ठेवा.

आणि एक विनंती. बाजारात आता प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. आणले, ठेवले, फोटो काढला, संपलं. त्यात मुलाने काय केलं? डोंगर कोसळतो, बुरुज वाकतो, हळीव एका बाजूलाच उगवतं, आणि मग मूल विचार करतं, की खऱ्या किल्ल्याचा तट पावसात उभा कसा राहतो. इतिहासाचा हा पहिला खरा प्रश्न आहे आणि तो विकत मिळत नाही.

शेजारच्या मुलांना बोलवा, मग ती कुठल्याही भाषेची असोत. श्रावणात त्यांच्या झुलनला तुमच्या मुलांना पाठवा, दिवाळीत त्यांना किल्ल्यावर कामाला लावा. खेळणी एकमेकांना द्या. झुलनमधली भाजीवाली आमच्या पायथ्याच्या गावात छान शोभते.

दिवाळी झाली की माती पुन्हा भिजवा आणि कुंड्यांत टाका. पुढच्या भागात आपण किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल बोलू. तोवर मुलांना एक टाकं करून ठेवायला सांगा. नारळाची करवंटी चालेल.