सॅन होजेमधलं एक घर

आज एका घराची गोष्ट. साल १९७१, गाव कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. साध्या वस्तीतलं जुनं मोठं घर, नाव ‘सोटेरिया’. ग्रीकमध्ये याचा अर्थ तारण, सुटका.

हे सुरू केलं लॉरेन मोशर यांनी. गंमत बघा, हा माणूस बंडखोर वगैरे नव्हता, अमेरिकी सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनिया संशोधनाचा प्रमुख होता! त्याआधी लंडनमध्ये आर. डी. लेंग यांच्या किंग्जली हॉलमध्ये त्याने काही काळ काढला होता. तिथूनच डोक्यात प्रश्न बसला: पहिल्यांदाच भ्रम व्हायला लागलेल्या तरुण मुलांना वॉर्डात न टाकता सांभाळता येईल का?

घरात एका वेळी साधारण सहा जण राहायचे. सांभाळणारे बहुतेक साधी माणसं, डॉक्टर-नर्स नव्हेत. स्वयंपाक, झाडलोट सगळे मिळून. कुणी रात्रभर येरझारा घालतोय, ओरडतोय, तर दुसरा त्याच्यासोबत जागा. त्याला गप्प करायचं नाही, पटवायचंही नाही, नुसतं सोबत असायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? घरात अशी एक रात्र काढलेल्यांना विचारा. पहिले सहा आठवडे शक्यतो औषध नाही, पण गरज पडली तर द्यायचे. (ऐकून कुणी आपल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, प्लीज!)

मग निकाल? तुलनेला हॉस्पिटलमधले पेशंट होते. सहा आठवड्यांनी दोन्हीकडचे जवळपास सारखेच सुधारलेले, आणि सोटेरियातले बहुतेक औषधाशिवाय. पण अभ्यास लहान, दोन्ही गट धरून १७९ माणसं. शंका घ्यायला जागा होती, आणि ती घेतली गेली. माझ्या मते तरी खरी अडचण वेगळी होती. शिकलेल्या डॉक्टरांशिवाय हे जमतं, हेच अनेकांना पचलं नाही. १९८० मध्ये मोशर यांची खुर्ची गेली, निधी आटला, १९८३ मध्ये घराला कुलूप.

पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला, लुक चिओम्पी यांनी याच नावाचं घर उघडलं. तिथे औषधांशी भांडण नव्हतं, कमी डोस चालायचा. आणि एक ‘मऊ खोली’ होती: गाद्या, उशा, मंद उजेड आणि शेजारी बसलेलं एक माणूस. ते घर अजून चालू आहे.