बेपत्ता स्त्री आणि तिच्या मागावरची स्त्री

माणूस दिसेनासे झाल्याचे सांगणारी मराठी क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘हरवली’ आणि ‘नाहीशी झाली’ यांत कर्तेपण त्या स्त्रीकडे नसते. जे घडले ते तिच्या बाबतीत घडले, तिने केले नाही. ‘निघून गेली’ म्हटले की तिचा निर्णय आपण मान्य करतो. ‘पळून गेली’ म्हणताना तो मान्य करतो आणि त्याच श्वासात तिला दोषही देतो. वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत हा पेच फार केविलवाण्या रीतीने उमटतो. मथळा ‘हरवली आहे’ असा असतो आणि खाली ‘घरी परत ये, कोणी रागावणार नाही’ असे आश्वासन असते. हरवलेल्या माणसाला असे आश्वासन कोणी देत नाही. मथळा एक क्रियापद वापरतो, मजकूर दुसऱ्याची कबुली देतो.

इंग्रजी रहस्यकथेच्या इतिहासात बेपत्ता व्यक्तीचा शोध हे अत्यंत रुळलेले आशयसूत्र आहे. या सूत्रातील शोधकर्ती व्यक्ती स्त्री झाली, आणि तीही पैसे घेऊन काम करणारी खाजगी गुप्तहेर झाली, की या क्रियापदाचे काय होते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. स्त्री-गुप्तहेराच्या आगमनाने पुरुषाच्या जागी स्त्री आली, बाकी संकेतव्यूह तोच राहिला, असे मत अनेकदा मांडले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. पण बेपत्ता स्त्रीच्या कथेपुरते तरी ते अपुरे आहे.

वास्तवात अशा स्त्रिया कथेच्या आधी होत्या की नंतर आल्या, याचे उत्तर देशागणिक बदलते. शिकागोत १८५६ मध्ये केट वॉर्न या स्त्रीने ॲलन पिंकर्टनच्या संस्थेत गुप्तहेर म्हणून नोकरी मिळवली. तिच्याविषयीची बरीच माहिती पिंकर्टनच्याच लेखनातून येते आणि त्याला आत्मगौरवाचे वावडे नव्हते, हे ध्यानात ठेवलेले बरे. इंग्लंडमध्ये १८५७ च्या घटस्फोटविषयक कायद्याने व्यभिचाराचा पुरावा ही न्यायालयात लागणारी वस्तू बनली आणि खाजगी चौकशी करणाऱ्यांचा धंदा वाढला. १८६४ मध्ये स्त्री-गुप्तहेर नायिका असलेली दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली, तेव्हा तेथील पोलीसदलात एकही स्त्री नव्हती. १८९४ मध्ये कॅथरिन लुइझा पर्किस यांच्या लव्हडे ब्रुक या नायिकेच्या सात कथा पुस्तकरूपाने आल्या. त्यांतील शेवटच्या कथेचे शीर्षकच ‘बेपत्ता’ या अर्थाचे आहे. लव्हडे तिशी ओलांडलेली, फ्लीट स्ट्रीटवरील एका चौकशी-कचेरीत पगारावर काम करणारी. तिचे व्यावसायिक मूल्य कोणाच्या नजरेत न भरण्यात आहे. एका कथेत ती लेखनिक होऊन घरात शिरते. घराच्या आत काय चालते हे पाहण्यासाठी स्त्री हवी, हा धंद्याचा हिशेब होता. तिने पाहिलेले मात्र घराच्या मालकालाच कळवायचे होते. ही अट पुढची जवळजवळ नव्वद वर्षे टिकली.

विसाव्या शतकातील अमेरिकन ‘हार्डबॉइल्ड’ कादंबरीने हे सूत्र पुरुषाच्या हाती दिले आणि त्याला एक कडवट वळण लावले. डॅशिएल हॅमेटच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९३०) मध्ये एक तरुणी खोटे नाव सांगून सॅम स्पेडकडे येते आणि बेपत्ता बहिणीचा शोध घ्यायला सांगते. बहीण मुळात नसतेच; खोटे बोलणारी तरुणी हीच शेवटी खुनी ठरते. रेमंड चँडलरच्या ‘फेअरवेल, माय लव्हली’ (१९४०) मध्ये तुरुंगातून सुटलेला मूस मलॉय आपल्या वेल्माला शोधत असतो. वेल्मा सापडते ती नाव आणि वर्ग दोन्ही बदलून, श्रीमंताची पत्नी झालेली. आणि सापडताच मलॉयवर गोळ्या झाडणारी. या परंपरेत ‘नाहीशी झाली’चे रूपांतर ‘पळून गेली’मध्ये होते. स्त्रीला कर्तेपण मिळते खरे, पण ते गुन्हेगाराचे. चँडलरने १९४४ च्या प्रसिद्ध निबंधात आपला गुप्तहेर सन्मानाने जगणारा पुरुष म्हणून रंगवला. त्या सन्मानाची कसोटी बहुधा एखाद्या स्त्रीच्या मोहातून सुटण्यात असते, हे त्या निबंधाच्या चाहत्यांनी पुरेसे बोलून दाखवलेले नाही.

या पार्श्वभूमीवर सारा पॅरेट्स्कीच्या ‘इंडेम्निटी ओन्ली’ (१९८२) या पहिल्या कादंबरीची सुरुवात हॅमेटला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. लेखिकेचा तसा हेतू होता की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. शिकागोतील व्ही. आय. वॉर्शॉस्कीच्या कचेरीत रात्री एक अशील येतो. आपण जॉन थेअर, बँकेतले बडे अधिकारी, असे तो सांगतो. मुलाची मैत्रीण ॲनिटा हिल दिसत नाही, तिला शोधायचे आहे. व्ही. आय. मुलाच्या घरी जाते तेव्हा तेथे त्याचे प्रेत पडलेले असते. लवकरच कळते की अशील थेअर नव्हेच. तो कामगार संघटनेचा नेता अँड्र्यू मॅग्रॉ आहे आणि ॲनिटा त्याची मुलगी आहे. म्हणजे येथेही अशील खोटे नाव सांगतो, येथेही बेपत्ता मुलीची बतावणी आहे. पण हॅमेटमध्ये खोटे बोलणारी स्त्री आणि नसलेली बहीण होती. येथे खोटे बोलणारा बाप आणि खरोखरची मुलगी आहे. संघटना आणि विमा कंपनी यांतील माणसांनी मिळून नुकसानभरपाईच्या खोट्या दाव्यांचा धंदा मांडलेला आहे, आणि मुलगी पळाली आहे ती प्रेत पाहून, बापाचा या प्रकरणाशी संबंध असावा या भीतीने.

मग तिला शोधून द्यायचे कोणाला? व्ही. आय. तिच्यापर्यंत पोहोचते ती विद्यापीठातील स्त्रियांच्या गटात ओळख काढून. तेथे तिच्याकडे संशयाने पाहिले जाते, कारण बापाचे पैसे घेतलेल्या बाईवर त्यांनी का विश्वास ठेवावा? हा संशय रास्त आहे आणि कादंबरी तो हसण्यावारी नेत नाही. ॲनिटा विस्कॉन्सिनमधील एका लहान गावी नाव बदलून राहत असते. तिला गाठल्यावर तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ते ऐकल्याविना गुन्ह्याचा उलगडाच होत नाही. बेपत्ता स्त्री येथे शोधाची वस्तू राहत नाही, साक्षीदार होते. ‘पळून गेली’चे ‘निघून गेली’ होते ते या प्रसंगी.

कॅथलीन ग्रेगरी क्लाइन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात असा आक्षेप घेतला की, रहस्यकथेचा आकृतिबंध मुळातच प्रस्थापित व्यवस्थेची पुनःस्थापना करणारा असल्याने त्यात स्त्रीवादी नायिका टिकणे अवघड आहे. खुनाच्या कथेपुरते मला हे बव्हंशी मान्य आहे. खुनी सापडला की समाजाची घडी पूर्ववत बसते, मग सापडवणारी स्त्री असो वा पुरुष. बेपत्ता स्त्रीच्या कथेत मात्र ‘पूर्ववत’ म्हणजे घरी परत, आणि पॅरेट्स्कीने संशयाचे बोट नेमके त्या घराकडेच वळवले आहे. क्लाइन यांचा मुद्दा येथे थोडा अडखळतो.

सू ग्राफ्टनच्या ‘बी इज फॉर बर्गलर’ (१९८५) मध्ये हाच पेच निराळ्या, कदाचित अधिक विषण्ण रीतीने येतो. कॅलिफोर्नियातील सांता टेरेसा या कल्पित शहरात (हे नाव ग्राफ्टनने रॉस मॅकडॉनल्डकडून घेतले) किन्सी मिलहोनकडे एक स्त्री येते. तिची बहीण इलेन बोल्ट सापडत नाही. जीव कासावीस झाला आहे असे नव्हे; वारसाहक्काच्या एका कागदावर बहिणीची सही हवी आहे. पोलिसांत तक्रार द्यावी असे किन्सीने सुचवताच ही अशील बिथरते आणि काम थांबवायला सांगते. पॅरेट्स्कीचा मॅग्रॉही पुढे हेच सांगतो. शोध सुरू करणाराच शोध थांबवू पाहतो, हे दोन्ही कादंबऱ्यांतले साम्य योगायोगाचे वाटत नाही. इलेनच्या बाबतीत कोणतेच क्रियापद लागू पडत नाही: ती हरवलेली नसते, निघूनही गेलेली नसते. शेजारणीचे म्हणून ओळखले गेलेले जळालेले प्रेत तिचेच असते आणि शेजारीण चेहरा बदलून तिच्या नावावर वावरत असते.

तोवर किन्सीची अशील बदललेली असते. फ्लोरिडात इलेनच्या शेजारी राहणारी एक वयोवृद्ध बाई, ज्युलिया ऑक्सनर, पुढच्या कामाचे पैसे देऊ करते. इलेन तिची ना मुलगी, ना बहीण. दोघी पत्ते खेळायच्या, एवढेच नाते. तिला कोणाची सही नको असते आणि इलेनने कोठे परत यावे असेही तिचे म्हणणे नसते. इलेनचे काय झाले, हे फक्त तिला कळायला हवे असते.