कोअर आय५-२५००के : नव्या ग्राफिक्स कार्डाशी जोडणी

इंटेलचा सँडी ब्रिज पिढीतील चार कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर. बाजारात जानेवारी २०११. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, टर्बोत ३.७. नावातला ‘के’ ही खुल्या मल्टिप्लायरची खूण. या पिढीत १०० मेगाहर्ट्‌झच्या मूळ क्लॉकला इतर बसही बांधलेल्या असल्यामुळे तो फारसा हलवता येत नाही. ओव्हरक्लॉकिंग जवळजवळ सर्वस्वी मल्टिप्लायरवर चालते. पी६७ किंवा झेड६८ चिपसेटचा मदरबोर्ड आणि चांगला कूलर असला, की मल्टिप्लायर ४५ वर नेऊन ४.५ गिगाहर्ट्‌झ गाठणे हौशी माणसालाही जमे. चिप आणि तिचे धातूचे झाकण यांमध्ये सोल्डर होते, त्यामुळे उष्णता चटकन बाहेर पडे. आयव्ही ब्रिजमध्ये त्या जागी पेस्ट आली. घरगुती संगणकासाठी इतकी उदार चिप क्वचितच निघाली असेल. साहजिकच अनेकांनी प्रोसेसर तोच ठेवला आणि २०१६ चे जीटीएक्स १०६० किंवा १०७० हे ग्राफिक्स कार्ड त्याच्या जोडीला बसवले.

खेळातल्या प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर हालचाली, टकरी, शत्रूंचे डावपेच यांचा हिशेब करून कार्डाला आज्ञा धाडतो. कार्ड चित्र रंगवते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दोघांनाही आपापले काम १६.७ मिलिसेकंदांत उरकावे लागते, आणि जो मागे पडेल त्याच्या गतीने खेळ चालतो. रिझोल्यूशन वाढले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते. त्यामुळे या जोडीत १०८०पी वर कार्ड अर्धवट रिकामे राहत असेल, तर १४४०पी वा अधिक तपशिलाचे चित्र बहुधा तेवढ्याच फ्रेममध्ये मिळते. हाच या जोडणीचा खरा लाभ आहे. मात्र सरासरी फ्रेमसंख्येवर विसंबू नये. खेळ अडखळतो तो सर्वांत मंद १ टक्का फ्रेममध्ये, आणि ती उणीव रिझोल्यूशन बदलून भरत नाही.

ओव्हरक्लॉकने वेग वाढतो, थ्रेड वाढत नाहीत. २५००के मध्ये ते चारच. त्याच्या थोरल्या भावंडात, आय७-२६००के मध्ये, आठ. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांत आठ कोअर आल्यावर खेळ अधिकाधिक थ्रेडवर पसरू लागले, तेव्हा ४.५ गिगाहर्ट्‌झवरही चारही कोअर पूर्ण भरून जाऊ लागले. २०१३ च्या हॅसवेलसोबत आलेल्या एव्हीएक्स२ आज्ञाही २५००के मध्ये नाहीत.

कार्डाचा मार्ग पीसीआय एक्सप्रेस २.० चा. सोळा लेनवर एका दिशेने सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट जातात. पुरेशी मेमरी असलेल्या सोळा लेनच्या कार्डाला ते सहसा पुरते. २०२२ चे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी मात्र या बोर्डांसाठी घेऊच नये: लेन चार, मेमरी बहुधा ४ गिगाबाइट, आणि मेमरी भरली की मुख्य मेमरीकडे जायला वाट सेकंदाला २ गिगाबाइटची. इंटेलची आर्क कार्डे रिसाइझेबल बार या सोयीवर अवलंबून, आणि ती या बोर्डांत सहसा नसते, तेव्हा तीही टाळावीत. बोर्ड आणि बायॉसची साथ असेल तर त्याच ११५५ सॉकेटमध्ये आठ थ्रेडचा आय७-३७७०के बसतो. त्याला पीसीआय एक्सप्रेस ३.० ही आहे.