हँडलपासून रिलेपर्यंत

पेण तालुक्यातले हमरापूर गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात तिथे मूर्ती नेणाऱ्या टेम्पोंची ये-जा वाढते. ड्रायव्हर चावी फिरवतो, इंजिन सुरू होते. गाडी मागे घेताना पांढरा दिवा लागतो. या साध्या गोष्टींना शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे.

पूर्वी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटे फिरे, आणि मनगट मोडायचे. म्हणून जाणती माणसे सांगत, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बनविला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. आपल्याकडे त्यालाच ‘सेल्फ’ म्हणू लागले.

पण सेल्फला क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर वीज लागते. एवढी वीज चावीच्या बारीक तारेतून नेली, तर तार जळेल. मग उपाय काय? रिले! हा शब्द घोड्यांच्या डाकेतला. टप्प्यावर दमलेला घोडा बदलून ताजा जोडत, तसाच हा प्रकार. अमेरिकेतले जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास तो विजेत आणला, आणि तारायंत्राने तो उचलला. म्हणजे रिले मोटारीहून वडील. चावीची थोडीशी वीज वेटोळ्यातून जाते, त्याचे लोहचुंबक होते, ते जाड संपर्क ओढून मिटवते. मग बॅटरीची मोठी वीज जाड तारेने थेट सेल्फला पोचते. हुकूम लहान, काम मोठे.

महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, पुढची पद्मिनी, मुंबईची टॅक्सी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनीची शेवटची टॅक्सीही थांबली. हाताने गिअर टाकायच्या अशा जुन्या गाड्यांत राखणदार होती ड्रायव्हरची सवय. गिअर न्यूट्रलला आहे ना, हे पाहायचे, मगच सेल्फ मारायचा. गिअर पडलेला असेल, तर गाडी दचकून पुढे उडी घेते. रिव्हर्स पडला असेल, तर मागे.

१९३९ मध्ये अमेरिकेत ऑल्ड्समोबिलने आपोआप गिअर बदलणारी गाडी आणली. क्लच नाही, गिअरमध्ये इंजिन सुरू झाले, तर गाडी आपणच सरकणार. म्हणून रिलेच्या हुकुमाच्या बारीक तारेत एक स्विच बसवू लागले. गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये असेल तरच तो हुकूम पुढे जाऊ देतो. पुष्कळ गाड्यांत त्याच स्विचचा दुसरा संपर्क रिव्हर्सचा दिवा लावतो. तेव्हा अशी गाडी पार्कमध्ये सुरू होत नाही, पण न्यूट्रलमध्ये होते, असे दिसले तर रिले बदलण्याची घाई करू नये. आधी तो स्विच पाहावा.

काही जण मात्र स्विच बिघडला, की दोन तारा सरळ जोडून मोकळे होतात. गाडी सुरू होते खरी, पण राखणदार गेलेला असतो. मागे मूल खेळत असेल, तर? बारीक तार तोडजोड करायला सोपी, पण तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे.

शिक्षकबंधूंनी वर्गात एका खिळ्यावर वेष्टनाची तांब्याची तार गुंडाळावी, तिला क्षणभर टॉर्चचा सेल जोडावा आणि टाचणी उचलून दाखवावी. मुलांना रिलेचे मर्म तेवढ्यात कळेल.