शिखराचा वाद

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या १९५० च्या कायद्याने धर्मवास्तूंना संरक्षण दिले. मात्र उंचीवर वाजवी बंधन घालण्याची मुभा गावांना पुढे मिळाली. बेलमाँट गावी मॉर्मन पंथाच्या मंदिरावरून याच मुभेचा कस लागला. त्याच्या १३९ फुटी शिखरास स्थानिक मंडळाने अनुमती दिली. शेजारी न्यायालयात गेले. शिखर उपासनेस अनिवार्य नाही, असे मानून कनिष्ठ न्यायालयाने अनुमती रद्द केली. ऑक्टोबर २००० मध्ये मंदिराचे समर्पण शिखराविनाच झाले. मे २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. श्रद्धेला काय आवश्यक, हे न्यायाधीशांनी ठरवू नये, असे त्याने बजावले. त्याच वर्षी शिखर चढले. शेजाऱ्यांचे आकाश थोडे उणावले खरे. परंतु श्रद्धेचे मोजमाप शासनसंस्थेच्या हाती गेले नाही.