एमबीए करावं का, आणि कुठे? एका प्रश्नाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण युरोपातली जुनी विद्यापीठं कशी उभी राहिली ते पाहिलं. त्यानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. मुलगी इंजिनिअर झाली, तीन वर्षं नोकरी झाली, आता एमबीए करायचं म्हणते. करावं का, आणि करायचं तर अर्ज कुठे टाकावा? प्रश्न विचारणारे बहुतेक आईवडील आहेत. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे, कारण नामांकित संस्थांची दोन वर्षांची फी आज वीस लाखांच्या पुढे जाते आणि कर्जाच्या कागदांवर सही बापाचीही लागते.

प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, ते काम त्यांचं. आपण आज या प्रश्नाचा इतिहास बघू. कारण आमचं मत असं आहे की, "कुठे" या शब्दाचा अर्थच गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बदललेला आहे, आणि तो बदल लक्षात न घेता अर्ज भरले जातात.

आधी ॲरिस्टॉटलचं एक म्हणणं डोक्यात ठेवू. तो सांगतो की आपण खल करतो तो साधनांबद्दल, साध्याबद्दल नव्हे. वैद्य रोग्याला बरं करावं की नाही यावर विचार करत बसत नाही; कसं बरं करावं यावर करतो. आता बघा, अर्ज कुठे टाकावा हा साधनाचा प्रश्न झाला. मग साध्य काय? तिथे आपल्याकडे उत्तर मिळतं, "स्कोप आहे". स्कोप म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही.

पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी म्हणजे अगदी पूर्वी, व्यापार शिकायला शाळाच नव्हती. वाण्याचा पोरगा बापाच्या शेजारी पेढीवर बसायचा, रोजकीर्द लिहायचा, मग खतावणी, मग कधीतरी त्याच्या हातात तिजोरीची किल्ली यायची. इंग्लंड-अमेरिकेतही तेच, पेढीवर उमेदवारी करायची. जोसेफ व्हार्टन नावाच्या फिलाडेल्फियाच्या उद्योगपतीला हे अपुरं वाटलं. निकेल आणि लोखंडाच्या धंद्यात त्याने पैसा केला होता. १८८१ मध्ये त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि व्यापार-वित्ताची शाळा काढायला लावली. पण देणगी बिनशर्त नव्हती, बरं का. परदेशी मालावर संरक्षक जकात असावी हे तत्त्व तिथे शिकवलं गेलं पाहिजे, असा त्याच्या योजनेत आग्रह होता. लोखंडाच्या कारखानदाराला जकात का प्रिय असेल हे सांगायला नको. मुद्दा असा की, शाळा कोणत्या हेतूने निघाली ते दारातच लिहिलेलं होतं.

हार्वर्डची शाळा १९०८ मध्ये निघाली, आणि एमबीए ही पदवी जगात पहिल्यांदा तिथे आली. तिचा पहिला डीन एडविन गे. हा माणूस व्यापारी नव्हता, आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक होता. १९१९ मध्ये वॉलेस डोनम डीन झाला. तो कायदा शिकलेला आणि बँकेत काम केलेला. हार्वर्डच्या विधी शाखेत खटल्यांच्या निकालांवरून कायदा शिकवत. डोनमने तीच रीत व्यापाराला लावली. एखाद्या कंपनीपुढची खरी अडचण लिहून काढायची, विद्यार्थ्यांपुढे ठेवायची आणि विचारायचं, तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? यालाच केस म्हणतात. यात गंमत अशी की सगळी माहिती कधीच हातात नसते, तरी निर्णय द्यायचा असतो.

याच सुमारास आमच्या विषयातला एक मोठा माणूस या वादात पडला. गणितज्ञ आणि तत्त्ववेत्ता आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड तेव्हा हार्वर्डमध्ये होता. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या व्यापार-शाळांच्या संघटनेपुढे त्याने भाषण केलं. विद्यापीठात धंदा शिकवणं म्हणजे बाटणं, असं म्हणणारे तेव्हाही होते. व्हाइटहेडने त्यांना आठवण करून दिली की विद्यापीठांनी धर्मोपदेशक, वैद्य आणि वकील पूर्वीपासूनच घडवले आहेत, मग व्यापाऱ्याचंच वावडं का? पुढे त्याने विचारलं, नुसती माहिती द्यायची असेल तर छपाईचा शोध लागल्यापासून विद्यापीठाची गरज काय उरली? तरुण आणि वयस्क माणसांना एकत्र आणून ज्ञानाकडे कल्पकतेने बघायला लावणं, एवढंच विद्यापीठाचं समर्थन त्याला मान्य होतं. आज घरबसल्या फोनवर हवी ती व्याख्यानं ऐकता येत असताना (हे व्याख्यानही तुम्ही तसंच ऐकत किंवा वाचत आहात) हा प्रश्न जास्तच टोचतो. तिथे जाऊन मिळणार काय, जे घरी मिळत नाही?

आता आपल्याकडे येऊ. मुंबईला या विद्येची हौस लवकर लागली. दावरांचं कॉमर्स कॉलेज १९०० सालचं. सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये सुरू झालं. डॉ. आंबेडकर १९१८ मध्ये तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० मध्ये, लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला, ती नोकरी सोडून निघाले. "कुठे शिकायचं" हा प्रश्न त्यांना पडला नसेल असं नाही. पण कोलंबियात काय शिकायचं, लंडनमध्ये काय पुरं करायचं, हे त्यांच्यापुढे स्पष्ट होतं.

स्वातंत्र्यानंतर देशाला व्यवस्थापक हवे होते. १९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉर्ज रॉबिन्स फोर्ड फाउंडेशनच्या वतीने पाहणीला आले. सुरुवातीच्या चर्चेत मुंबईचं नाव होतं. पण १९६१ मध्ये संस्था निघाल्या त्या कलकत्ता आणि अहमदाबादला. अहमदाबादसाठी विक्रम साराभाई, गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई आणि मुख्यमंत्री जीवराज मेहता यांनी जोर लावला. गुजरात राज्य होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मुंबईच्या हातून ती संस्था गेली, यावर मराठी माणसाने हळहळ व्यक्त करायची तर करावी. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते.

कलकत्त्याने एमआयटीचा हात धरला, अहमदाबादने हार्वर्डचा. हा योगायोगाने पडलेला फरक समजू नका. १९५९ मध्येच अमेरिकेत फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांचे अहवाल आले होते. व्यापार-शाळांत गणित, अर्थशास्त्र, वर्तनविज्ञान पक्कं हवं, संशोधन हवं, नाहीतर ही विद्या कारकुनीच राहील, असा त्यांचा रोख. हर्बर्ट सायमनसारखा माणूस पिट्सबर्गमध्ये त्या वाटेने आधीच चालला होता. म्हणजे एका बाजूला केस चर्चा करून निर्णयाचं धाडस अंगी बाणवणारी शाळा, दुसऱ्या बाजूला आकडेमोड आणि सिद्धान्त यांवर भर देणारी. त्या काळात अर्ज करणाऱ्याने "कलकत्ता की अहमदाबाद" असं विचारलं, तर तो खरा प्रश्न होता.

आणि याच दोन नव्हत्या. जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ ची, जेझुइटांची. पोलादाच्या गावात मालक आणि कामगार यांच्यातल्या संबंधांचा अभ्यास हे तिचं मूळ. पवईची राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'निटी', १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने निघाली. कारखान्यात वेळ आणि श्रम कुठे वाया जातात ते शोधायचं, हे तिचं काम. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची, स्टॅनफर्डच्या सहकार्याने. पुण्यात सहकाराच्या व्यवस्थापनासाठी वैकुंठभाई मेहतांच्या नावाची संस्था आहे. आणंदला वर्गीज कुरियन यांनी १९७९ मध्ये ग्रामीण व्यवस्थापनाची शाळा काढली, कारण दूध संघांना शिकलेली माणसं हवी होती आणि मोठ्या शाळांतून बाहेर पडणारी मुलं तिकडे फारशी फिरकत नव्हती. साखर कारखान्याच्या गावातल्या मुलीने आणंदचं नाव घेतलं तर "ते वरच्या यादीत कुठाय?" असं विचारणाऱ्या काकांना हा इतिहास जरूर ऐकवावा.

ती यादी आली कुठून, तेही बघू. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बिझनेसवीक साप्ताहिकाने व्यापार-शाळांची क्रमवारी छापली. पदवीधरांना आणि त्यांना नोकरी देणाऱ्यांना विचारून, कोण किती समाधानी आहे यावर. हार्वर्ड किंवा स्टॅनफर्ड पहिलं येईल असं लोक धरून चालले होते. पहिलं आलं नॉर्थवेस्टर्नचं केलॉग. खळबळ उडाली. पण त्या खळबळीत एक गोष्ट मुकाट्याने बदलली. जकातवाली शाळा, केसवाली शाळा, गणितवाली, कामगारवाली, दूधवाली, या सगळ्या एका उतरंडीवर बसवता येतात हे गृहीत धरलं गेलं. मग शाळाही क्रमांक वाढेल असं वागू लागल्या, आणि एकमेकींसारख्या दिसू लागल्या. पवईच्या निटीचं २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. साठ वर्षांपूर्वी हुकलेलं नाव मुंबईला मिळालं, आनंद आहे. पण आता अर्ज टाकणाऱ्या मुलाने चौकशी करावी की औद्योगिक अभियांत्रिकीची ती जुनी तालीम अजून तितकीच कसून होते का. नावाकडे बघून ते कळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, सर, तुम्ही ज्ञानाचं बोलताय, बाजार शिक्क्याचं बोलतो. बरोबर आहे. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं: पदवीने माणसाची कुवत वाढो न वाढो, कुवत असणाऱ्यालाच ती मिळवणं परवडतं, म्हणून मालक पदवीकडे खूण म्हणून बघतो. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. शिक्काच हवा असेल तर तसं स्वतःशी स्पष्ट म्हणावं. त्यात कमीपणा नाही. मग हिशोबही शिक्क्याचाच करावा. फी, व्याज आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला जाहिरातीतलं "सरासरी पॅकेज" मांडू नका. दोन-चार पोरांना परदेशातली गडगंज नोकरी लागली की सरासरी वर जाते. वर्ग पगाराप्रमाणे रांगेत उभा केला तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचारा. आणि किती मुलांना या मोजणीतून वगळलं, तेही विचारा.

शिक्क्याचाही एक तोटा आहे: तो पहिली काही वर्षं जोरात चालतो, मग तुम्ही काय काम केलंत ते विचारतात. शिक्षण हवं असेल, तर ॲरिस्टॉटलकडे पुन्हा जावं लागतं. तो म्हणतो, तरुण मुलगा भूमितीत प्रवीण होऊ शकतो, पण व्यवहारातलं शहाणपण त्याच्याकडे नसतं, कारण ते विशिष्ट प्रसंगांतून येतं आणि त्याला वेळ लागतो. कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ च्या पुस्तकात एमबीएवर हाच आक्षेप घेतला: ज्याने कधी माणसं सांभाळली नाहीत त्याला व्यवस्थापन वर्गात शिकवता येत नाही. आमच्या मते आक्षेप थोडा जास्त ताणलेला आहे. हिशोब, वित्त, संख्याशास्त्र हे बाविसाव्या वर्षीही उत्तम शिकता येतं. पण केसचर्चेला बसायचं तर वर्गात कोणीतरी संप पाहिलेला हवा, कोणी ग्राहकाच्या शिव्या खाल्लेल्या हव्यात. शेजारी बसणारे सगळे कालपरवा पदवीधर झालेले असतील, तर ती चर्चा कशावर होणार? म्हणून शाळेचं नाव बघण्याआधी तिथल्या वर्गाच्या अनुभवाची सरासरी वर्षं बघावीत. ज्यांना केसवर चालणाऱ्या शाळेतच जायचंय आणि अजून एकही वर्ष नोकरी झालेली नाही, त्यांनी दोन वर्षं थांबावं, असं आम्ही स्पष्टच सांगू. आईवडिलांना ते आवडत नाही, ठाऊक आहे.

निवृत्तीपूर्वी आम्ही अशा अर्जांसाठी शिफारसपत्रं पुष्कळ लिहिली. लिहिण्याआधी विद्यार्थ्याला एकच विचारायचो: समजा या शाळेतून पदवी मिळणार नाही, फक्त दोन वर्षं बसून शिकता येईल, तरी जाशील? काही जण हसून "नाही" म्हणायचे. त्यांनाही पत्र द्यायचो, पण मग अर्ज तीन-चार ठिकाणी, फी कमी तिथे आधी, असं सुचवायचो. "हो" म्हणणारा क्वचित भेटायचा. त्याला सांगायचो, आता त्या शाळेतून दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली दोन माणसं गाठ, आणि तिथे कोणत्या प्राध्यापकाने त्यांना काय शिकवलं ते विचारून ये. नाव आठवलं तर अर्ज भर.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.